कुटुंबासाठीच्या दीर्घ रजेनंतर स्वेच्छानिवृत्ती: नोटीस देण्याआधी काय तपासावे, काय ठरवावे

आईच्या डायलिसिससाठी, पतीच्या पक्षाघातानंतरच्या शुश्रूषेसाठी किंवा मुलांच्या आजारपणासाठी सहा-आठ महिने रजेवर राहून कार्यालयात परतणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या आठवड्यातच बदललेले चित्र दिसते. आपले संकलन, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या विषयांचे काम, दुसऱ्याकडे गेलेले असते, वाट्याला आवक-जावक किंवा जुन्या नस्त्यांची बांधणी येते, वरिष्ठ बैठकीला बोलावत नाहीत आणि रजेच्या काळात साचलेल्या प्रकरणांचा खुलासा मात्र आपल्यालाच विचारला जातो. अशा वेळी पन्नाशीच्या आसपासच्या, वीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्या माणसाच्या मनात स्वेच्छानिवृत्तीचा विचार येणे अगदी स्वाभाविक आहे. तो विचार चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. आस्थापना शाखेत अनेक वर्षे अशी प्रकरणे हाताळताना माझे एक मत मात्र पक्के झाले: निवृत्त व्हावे की नाही, हे वरिष्ठांच्या वागण्यावरून ठरवण्याआधी घेतलेल्या रजेची कागदोपत्री स्थिती काय आहे, हे पाहिले पाहिजे, कारण पुढचे निवृत्तिवेतन त्या कागदांवर उभे राहते.

हा लेख महाराष्ट्र राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या आणि म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू असलेल्या कर्मचाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्यांचे गणित वेगळे असल्याने त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र मजकूर दिला आहे.

रागाच्या अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द येऊ देऊ नका

मनस्तापाच्या दिवसांत कर्मचारी एका कागदावर ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ असे लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवतो आणि घरी निघून जातो. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. निवृत्तिवेतन नियमांतील नियम ४६ नुसार राजीनाम्याने आधीची सेवा समपहृत होते, म्हणजे बावीस-पंचवीस वर्षांची सेवा निवृत्तिवेतनासाठी शून्य ठरू शकते. नियम ६६ खाली दिलेल्या स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिशीने मात्र निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण हे सर्व लाभ शाबूत राहतात. त्यामुळे अर्ज कितीही छोटा असला, तरी त्यात ‘नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस’ असे स्पष्ट शब्द असले पाहिजेत, आणि तो अर्ज केवळ कार्यालयप्रमुखांच्या नावे न लिहिता आपल्या नियुक्ती प्राधिकाऱ्याला उद्देशून, योग्य मार्गाने पाठवला पाहिजे.

रजेचा काळ नियमित झाला आहे का, हे आधी पाहा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण बहुतेक दावे इथेच अडतात. स्वेच्छानिवृत्तीसाठी २० वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा, लागते. नोकरीला लागल्यापासून वीस वर्षे झाली म्हणजे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली, असा अनेकांचा समज असतो, पण घेतलेल्या रजेचा प्रकार त्यात फरक पाडतो. अर्जित रजा, अर्धपगारी रजा, प्रसूती रजा, बालसंगोपन रजा अशी रजावेतन मिळणारी रजा अर्हताकारी सेवेत मोजली जाते. असाधारण रजा, म्हणजे बोलीभाषेतली बिनपगारी रजा, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतली असेल तर साधारणपणे मोजली जाते. आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या आजारपणासाठी घेतलेली असाधारण रजा मात्र अर्हताकारी सेवेत धरली जात नाही. म्हणजे कुटुंबाच्या सेवेसाठी दहा महिने बिनपगारी काढले असतील, तर तेवढे दहा महिने वीस वर्षांतून वजा करून हिशेब मांडावा लागतो. हा फरक नोटीस दिल्यावर कळला, तर अर्ज फेटाळला जातो आणि कार्यालयातले संबंध आणखी बिघडतात.

बालसंगोपन रजेबाबतही नीट पाहावे. राज्य शासनात ही रजा संपूर्ण सेवेत १८० दिवसांपर्यंत मिळते. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना ती ७३० दिवसांपर्यंत मिळते, त्यामुळे केंद्रातल्या नातेवाइकांकडून ऐकलेला आकडा आपल्याला लागू होत नाही. १८० दिवसांनंतरचा काळ कोणत्या रजेत टाकला आहे, हे मंजुरी आदेशात वाचून घ्यावे.

आता सेवापुस्तक उघडावे. दुय्यम प्रत आपल्याजवळ असेल तर उत्तम, नसेल तर आस्थापना शाखेत लेखी अर्ज करून मूळ सेवापुस्तक पाहण्यास मागावे. टाळाटाळ होत असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली स्वतःच्या सेवापुस्तकाच्या प्रतींसाठी अर्ज करता येतो आणि त्यावर ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. पाहताना नेमके काय तपासायचे, हे मी एका उदाहरणावरून सांगते. एका महिला लिपिकाच्या सेवापुस्तकात ‘दि. … पासून दि. … पर्यंत असाधारण रजा’ अशी नोंद होती. नोंदीखाली आदेश क्रमांक होता, पण त्यापुढे सक्षम प्राधिकाऱ्याची सही आणि शिक्का नव्हता, आणि त्या आर्थिक वर्षाची सेवा पडताळणीही झालेली नव्हती. तिच्या मते रजा मंजूर झालेली होती, कारण आदेशाची प्रत तिच्या हाती होती. सेवापुस्तकातील वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाच्या दृष्टीने मात्र तो काळ अनिर्णीत होता. रजेच्या शेवटच्या दिवसानंतर आणि रुजू होण्याच्या दिवसाआधी चार दिवसांची फट राहिली होती, ती वेगळीच. ती फट कोणत्याही रजेत न टाकल्यास अनधिकृत गैरहजेरी ठरते आणि अनधिकृत गैरहजेरीमुळे सेवेत खंड धरला जाण्याचा धोका असतो. चार दिवसांसाठी खंड क्षमापनाचे, म्हणजे सेवेतला खंड माफ करून घेण्याचे, प्रकरण मंत्रालयापर्यंत नेण्याची वेळ येऊ नये, म्हणून ती नोंद नोटिशीच्या आधीच दुरुस्त करून घ्यावी.

परतल्यावर लगेच पदस्थापना मिळाली नसेल, तर आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. हजर झाल्याच्या दिवशीच लेखी रुजू अहवाल द्यावा आणि त्याच्या स्थळप्रतीवर (आपल्याजवळ ठेवायच्या प्रतीवर) दिनांकासह पोच घ्यावी. पदस्थापनेच्या आदेशाची वाट पाहण्यात गेलेला काळ सक्तीचा प्रतीक्षाधीन कालावधी म्हणून कर्तव्यकाळ धरण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी आपण हजर झालो होतो, याचा पुरावा लागतो. रुजू अहवालाची पोच नसेल, तर ते दिवस आपल्याच खात्यातील रजेत घातले जाण्याचा संभव असतो.

हे सारे पाहून झाल्यावर नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी की अमुक तारखेपर्यंत आपली अर्हताकारी सेवा किती भरते. या विचारणेत स्वेच्छानिवृत्तीचा उल्लेख करण्याची गरज नाही.

त्रासाचे कारण दूर होण्यासारखे आहे का?

कागद नीट झाल्यावरच हा प्रश्न स्वतःला विचारावा. रजेवरून परतलेल्यांच्या तक्रारी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काहींना कार्यालयाने अन्याय केलेला असतो, तर काहींना घरची जबाबदारी आणि कार्यालय ही दोन्ही ओझी पुढची सात-आठ वर्षे एकत्र पेलणार नाहीत, हे परतल्यावर जाणवते. दुसऱ्या प्रकारात निवृत्ती हा योग्य मार्ग असू शकतो. पहिल्या प्रकारात त्या अन्यायावर उपाय काय आहेत, हे आधी बघावे, कारण उपाय असताना निवृत्त झाल्यास पुढे आयुष्यभर सल राहतो.

रजेच्या काळात किंवा परतताच मुदतपूर्व बदली झाली असेल, तर शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा राज्य अधिनियम पाहावा. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ठरवून दिलेला आहे. नियमित बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करायच्या आहेत आणि मुदतपूर्व किंवा मध्यावधी बदलीसाठी लेखी कारणे नोंदवणे बंधनकारक आहे. अशा आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्याचे कामकाज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते आणि अर्ज साधारणपणे अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. एकाच कार्यालयात एक संकलन काढून दुसरे दिले जाणे ही मात्र बहुधा बदली ठरत नाही, आणि त्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाऊन फारसे काही हाती लागत नाही, हेही मनाशी स्वीकारावे.

माझा स्वतःचा सल्ला असा, की एक बदली-हंगाम जाऊ द्यावा. एप्रिल-मेच्या आधी विनंती बदलीचा अर्ज करावा. आजारी व्यक्तीच्या उपचारांचे कागद जोडावेत, आणि पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असतील तर एकत्रीकरणाचे कारण द्यावे. घराजवळचे कार्यालय मिळाल्यावर निवृत्तीचा विचार सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि बदली मिळूनही नोटीस देणारीही पाहिली आहेत. त्या दुसऱ्या गटातील लोक नंतर समाधानी राहिले, कारण त्यांचा निर्णय कार्यालयाच्या वागण्याला उत्तर म्हणून घेतलेला नव्हता.

पैशाचे गणित घरी बसून, कागदावर मांडा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वय ५०, अर्हताकारी सेवा २५ वर्षे, मूळ वेतन ६०,००० रुपये. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये आणि त्यावर वेळोवेळी लागू होणारी महागाई वाढ. सेवेत राहिल्यास हातात येणारे वेतन ६०,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता. म्हणजे मासिक उत्पन्न निम्म्याहूनही खाली येते, हे पहिले सत्य.

दुसरे सत्य अधिक दूरचे आहे आणि म्हणून सहज दुर्लक्षिले जाते. ५८ व्या वर्षापर्यंत राहिल्यास वर्षाला सुमारे ३ टक्के वेतनवाढ धरली, तर आठ वर्षांनी मूळ वेतन सुमारे ७६,००० रुपये होते आणि निवृत्तिवेतन ३८,००० रुपये. म्हणजे आज निवृत्त होणाऱ्याचे मूळ निवृत्तिवेतन आयुष्यभर सुमारे ८,००० रुपयांनी आणि त्यावरील महागाई वाढीने कमी राहील, आणि कुटुंब निवृत्तिवेतनही शेवटच्या वेतनावर ठरत असल्याने जोडीदाराच्या वाट्यालाही ती घट येईल. आठ वर्षांचे वेतन जाईल ते निराळे. ही रक्कम घरात दिवसभर हजर राहण्याच्या किमतीची आहे की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतः ठरवायचे आहे. अनेकांच्या बाबतीत ती तेवढ्या किमतीची असते. खासगी शुश्रूषा करणाऱ्या बाईंचा चोवीस तासांचा पगार आणि एजन्सीचे शुल्क मोजून पाहिले की हिशेब बदलतो.

उपदानाचे सूत्र सोपे आहे: अर्हताकारी सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी वेतनाचा एक चतुर्थांश भाग, कमाल साडेसोळा पट आणि शासनाने ठरवलेल्या कमाल रकमेच्या मर्यादेत. २५ वर्षांसाठी साडेबारा पट आणि ३३ वर्षांसाठी साडेसोळा पट होते. बिनपगारी रजेचे महिने इथेही वजा होतात.

रजा रोखीकरणाच्या बाबतीत दीर्घ रजेवरून परतलेल्यांचा हमखास हिरमोड होतो. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक दिवसांचे पैसे मिळतात, पण कुटुंबासाठी तीच रजा आधी वापरलेली असते. शिल्लक ६० दिवस असेल, तर ३०० दिवसांच्या हिशेबाने ठरवलेले घरदुरुस्तीचे किंवा कर्जफेडीचे बेत बाजूला ठेवावे लागतात. वर्षाला ३० दिवसांच्या गतीने ती पुन्हा साठते. नोटिशीच्या काळात अर्जित रजा घेतल्यास तेवढे दिवस रोखीकरणातून कमी होतात, हेही लक्षात असू द्यावे.

निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग अंशराशीकरण करून एकरकमी घेता येतो आणि तो भाग १५ वर्षांनी पुन्हा पूर्ववत होतो. वरच्या उदाहरणात १२,००० रुपयांचे अंशराशीकरण केले, तर दरमहा १८,००० रुपये उरतात, मात्र महागाई वाढ मूळ ३०,००० रुपयांवरच मोजली जाते. घरात आजारपण असताना आणि मासिक खर्च वाढता असताना पूर्ण ४० टक्के काढण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

आता वैद्यकीय खर्चाचा मुद्दा. ज्या आजारी माणसासाठी नोकरी सोडायची, त्याच माणसाच्या रुग्णालयाच्या देयकांची प्रतिपूर्ती सेवेत असताना कार्यालयातून होते, कारण अवलंबून असलेले आई-वडील आणि जोडीदार त्यात येतात. निवृत्तीनंतर ही सोय थांबते. म्हणून निवृत्तीची तारीख ठरवण्याआधी मोठी शस्त्रक्रिया किंवा खर्चिक उपचार नियोजित असल्यास ते सेवेत असतानाच पार पाडावेत आणि सर्व देयके कार्यालयात सादर करून घ्यावीत. निवृत्तीनंतर लागणारा आरोग्य विमाही नोटिशीच्या आधी शोधावा, कारण पूर्वीपासूनच्या आजारांना विमा कंपन्या प्रतीक्षा कालावधी लावतात.

तारखेबाबत आणखी दोन बाबी पाहाव्यात. पदोन्नती मिळाली नसली तरी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचा लाभ १०, २० आणि ३० वर्षांच्या टप्प्यांवर मिळतो. त्यातला टप्पा काही महिन्यांवर आला असेल, तर तो घेऊनच निघावे. त्याचप्रमाणे वार्षिक वेतनवाढीचा दिनांक ओलांडून निवृत्तीची तारीख ठेवली, तर ती वाढ निवृत्तिवेतनात कायमची येते. असाधारण रजेमुळे वेतनवाढीचा दिनांक पुढे गेला आहे का, हेही सेवापुस्तकात पाहावे.

२००५ नंतर लागलेल्यांसाठी

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्या बहुतेकांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू आहे आणि वरचे अर्ध्या वेतनाचे गणित त्यांना तसेच्या तसे लावता येत नाही. या प्रणालीतून वयाआधी बाहेर पडताना जमा रकमेचा मोठा हिस्सा वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित मिळणारी रक्कम, खरेदी करण्यासाठी वापरावा लागतो आणि हातात येणारी एकरकमी रक्कम लहान असते. आपल्या प्रान खात्यातील (या प्रणालीतील कायम क्रमांकाच्या निवृत्ती खात्यातील) शिल्लक पाहून त्यावर मिळणारी मासिक वार्षिकी किती, हे वार्षिकी देणाऱ्या कंपन्यांकडून लेखी घेतल्याशिवाय या कर्मचाऱ्यांनी नोटीस देऊच नये.

नोटीस आणि नंतर

नोटीस तीन महिन्यांची द्यावी. कमी मुदतीची विनंती करता येते, पण ती मान्य करणे प्राधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. नोटिशीत कारण म्हणून ‘कौटुंबिक कारणास्तव’ एवढेच लिहावे. कार्यालयातील अन्यायाची यादी नोटिशीत घातल्यास पुढे प्रत्येक कार्यासन (कार्यालयातील शाखा) त्यावर खुलासे मागत बसते आणि प्रस्ताव रेंगाळतो. तक्रार करायचीच असेल, तर ती स्वतंत्र निवेदनाने करावी. निवृत्तीचा दिनांक महिनाअखेरचा ठेवल्यास वेतनाचा हिशेब सोपा जातो.

विभागीय चौकशी प्रलंबित असेल किंवा योजिली असेल, तर प्राधिकारी नोटीस नाकारू शकतो. नाकारल्याचे नोटिशीची मुदत संपण्याआधी न कळवल्यास निवृत्ती त्या तारखेपासून अमलात येते. तरीही त्यावर विसंबून मुदतीच्या दुसऱ्या दिवशी न सांगता घरी राहू नये, आणि स्वीकृतीचा लेखी आदेश मिळवण्यासाठी पाठपुरावा करावा. मन बदलल्यास नोटीस मागे घेता येते, मात्र त्याचा अर्ज निवृत्तीच्या नियोजित दिनांकाआधी पोहोचला पाहिजे आणि त्याला प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. ती मिळेलच, असे गृहीत धरू नये.

हे तीन महिने निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तयार करण्यात घालवावेत. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे पाठवून घ्यावे, कारण मागील वेतननिश्चितीतील अतिप्रदान (जादा दिले गेलेले वेतन) तिथेच निघते आणि मग उपदानातून वसुलीचा प्रश्न उभा राहतो. घरबांधणी अग्रिम, संगणक अग्रिम, शासकीय निवासस्थान यांची ना-देय प्रमाणपत्रे गोळा करावीत. पती किंवा पत्नीसह संयुक्त छायाचित्रे, कुटुंबाच्या सदस्यांची यादी आणि उपदान, भविष्य निर्वाह निधी व गट विमा यांची नामनिर्देशने अद्ययावत करावीत. रजेच्या काळात कुटुंबात कुणाचे निधन झाले असेल, तर जुने नामनिर्देशन तसेच राहिलेले असते आणि ते नेमके याच वेळी बदलायचे असते. प्रस्ताव कोकण, पुणे आणि नाशिक विभागांतील कार्यालयांकडून मुंबईच्या, तर विदर्भ आणि मराठवाड्यातील कार्यालयांकडून नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे प्रस्ताव जिल्हा परिषदेतच मंजूर होतात.

निवृत्तिवेतन प्रदान आदेश यायला उशीर होण्याची चिन्हे असतील, तर कार्यालयप्रमुखांकडे तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची लेखी मागणी करावी आणि किमान सहा महिन्यांचा घरखर्च व औषधांचा खर्च बँकेत बाजूला काढून ठेवावा. कोषागारात पहिल्या भेटीला जाताना आधार, पॅन, बँक खातेपुस्तक आणि आदेशाची प्रत न्यावी. खाते जोडीदारासोबत संयुक्त असल्यास पुढे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना वेगळे खाते उघडावे लागत नाही. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि तो आता घरूनही डिजिटल पद्धतीने देता येतो, त्यामुळे आजारी माणसाला सोडून त्यासाठी बाहेर पडण्याची गरज उरत नाही.